हाताची अवजारं: जुनी भारी की नवी? कुठल्या ब्रँडला किती पैसे मोजावेत?

गच्चीतला_कारखाना

नमस्कार मंडळी.

गच्चीवरच्या खोलीत छोटंसं वर्कशॉप थाटतोय. थोडं लाकूडकाम, सायकल आणि बाईकची डागडुजी, घरातले नळ, बिजागऱ्या, दिवे. पॉवर टूल्स सध्या बाजूला ठेवू, फक्त हातानं चालवायची अवजारं. बजेट सात-आठ हजार, फार तर दहा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. जुनी अवजारं आजच्यापेक्षा चांगली होती. गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात इंग्लंडातल्या शेफील्डचा, रेकॉर्ड कंपनीचा एक लोखंडी रंधा हातात घेतला. गंजलेला होता, पण ओतकाम गुळगुळीत, पातं वरखाली करायची पितळी चक्री बोटानं फिरत होती. तिथूनच बोहरी आळीत गेलो आणि नवा रंधा पाहिला. चक्रीला अर्धा फेरा ढिलाई, पात्याची कड डोळ्यांना दिसेल इतकी बोथट. जुन्याचा भाव नव्यापेक्षा थोडाच कमी.

तर प्रश्न असे: जुनं घ्यावं का? नव्यात तापडिया, स्टॅनले, ग्रोझ, ईस्टमन यांतलं काय कशासाठी घ्यावं? आणि जर्मन-जपानी अवजारांना जे दहा-दहा पट पैसे पडतात, त्यात खरंच काही आहे का?

पानसुपारी_नव्हे_पाना

धागा रंगणार. पुढे बसायला जागा पकडून ठेवतो.

सातपूर_शिफ्ट

भाऊ, पहिलंच वाक्य पटलं नाही. मी नाशकात टूलरूममध्ये आयुष्य घातलं. जुनं ते सोनं हे पोलादाच्या बाबतीत सरसकट म्हणता येत नाही. जुन्या बाजारात तुम्हाला जे पाने दिसतात ते जगले-वाचलेले. त्याच काळात जे पिचले, ज्यांची तोंडं फाकली, ते कधीच भंगारात जाऊन वितळले. ते आज तुलनेला येणार कुठून?

आता नव्याबद्दल. तापडियाचा कारखाना आमच्या सातपूरला. १९६९ साली स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं उत्पादन सुरू झालं, ती कंपनी म्हणजे बाहको. ॲडजस्टेबल पान्याचं आज जे रूप सगळीकडे दिसतं, त्याचं पेटंट योहान पेटर योहान्सन या स्वीडिश माणसानं १८९२ मध्ये घेतलं आणि ते पाने बाहको नावानं जगभर गेले. म्हणजे घराणं चांगलं आहे. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, रिंग पाने, ॲलन की या चार गोष्टींत घरगुती कामाला तापडियाच्या पुढे जायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत.

मात्र डबा बघून घेऊ नका, नग बघून घ्या. फिक्स पाना घेताना नवा बोल्ट खिशात ठेवा. तेराचा (मिमी) पाना तेराच्या डोक्यावर सहज बसला पाहिजे, पण बसल्यावर डुगडुगता कामा नये. पान्याच्या दोन्ही जबड्यांची आतली बाजू उजेडासमोर धरून समांतर आहे का पाहा. रिंगच्या आतल्या कंगोऱ्यांत क्रोमचे गोळे साचले असतील तर परत ठेवा, तिथूनच पुढे पापुद्रा सुटतो आणि बोटात जातो. पक्कड घेताना दोन्ही पाती मिटवून उजेडाकडे धरा. कापायच्या धारेतून फट दिसली तर बारीक तार कधीच तुटणार नाही, नुसती चेपली जाईल. हे सगळं बघायला दोन मिनिटं लागतात आणि एकाच पेटीतल्या चार नगांत फरक सापडतो.

आणि नक्कल मालापासून सांभाळा. चालत्या ब्रँडची नक्कल हमखास होते. अक्षरं उथळ, पॅकिंगवरची छपाई फुटकी आणि भाव निम्मा असला की काय ते समजा.

गच्चीतला_कारखाना

@सातपूर_शिफ्ट, काका, जगले-वाचलेले हा मुद्दा बिनतोड आहे. पण मग माझ्यासारख्यानं उलटाच विचार करावा ना? ज्या अर्थी तो रंधा इतकी वर्षं टिकला, त्या अर्थी तो चांगल्यांपैकीच असणार.

शिसवी_मूठ

रंध्याचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. इथे मी गच्चीवाल्यांच्या बाजूनं आहे, काही अटींवर.

आज बाजारात जो लोखंडी रंधा मिळतो, मग तो स्टॅनले असो, ग्रोझ असो की अनंत, त्याचा आराखडा एकच: लेनर्ड बेलीचा. त्याची पेटंटं स्टॅनलेनं १८६९ मध्ये घेतली. रेकॉर्डनं १९३० च्या दशकात शेफील्डमध्ये त्याच आराखड्यावर रंधे काढले. म्हणजे यंत्ररचनेत फरक नाहीच. फरक आहे तो पाठ (लाकडावर सरकणारी खालची बाजू) किती सपाट घासली, पात्याची बैठक किती नीट मशीन केली आणि पात्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-विझवून कसं कडक केलंय, यात. जुन्या काळी ही मेहनत कारखान्यात होत असे, स्वस्त नव्या रंध्यात ती तुमच्यावर सोडलेली असते.

तुम्ही ती करू शकता. जाड काच घ्या, तीवर पॉलिश पेपर चिकटवा, पात्यासकट रंधा जुळवून पण पातं आत ओढून पाठ घासा. पात्यासकट का, तर पातं दाबून धरणारी कॅप आवळल्यावर बॉडीला जो ताण येतो तो घासतानाही असला पाहिजे. पाठीवर आधी पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारा. तोंडाच्या (पातं बाहेर येतं त्या फटीच्या) पुढची रेघ पुसली गेली की काम झालं, मागचा खळगा राहिला तरी बिघडत नाही. मग चिपब्रेकरची, म्हणजे पात्यावर बसणाऱ्या लोखंडी पट्टीची, पुढची कड दगडावर अशी घासा की पात्यावर ती बिनफटीची बसेल. इथे केसाएवढी फट राहिली तरी भुसा अडकून रंधा गुदमरतो. ही खटपट केली की हजार-दीड हजाराचा रंधा सागावर पातळ, अखंड झिलपी काढतो.

जुना घ्यायचा तर इतकं बघाच: तोंडाशी दोन्ही बाजूंना तडा, बाजूच्या भिंतीवर पितळी झाळ (म्हणजे तडा जोडल्याची खूण), पात्याला खाचेपुढे किती जीव उरलाय, आणि सगळे स्क्रू जागेवर आहेत का. हे शेवटचं फार महत्त्वाचं. जुन्या स्टॅनलेच्या मुठीच्या बोल्टचे आटे आपल्याकडच्या कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. एक स्क्रू हरवला की रंधा शोभेला.

पटाशीबाबत थोडं वेगळं. जुन्या शेफील्डच्या पटाश्या, मार्पल्स वगैरे, साध्या कार्बन पोलादाच्या. धार झटकन लागते आणि सुरेख लागते. पण आधीच्या मालकानं ग्राइंडरवर धरून टोक निळं केलं असेल तर पाणी उतरलेलं असतं. तीनशे अंशांच्या आसपास तापलं की पोलाद निळं पडतं, मग कितीही घासा, धार दोन ठोक्यांत दुमडते. विकणारा ते निळेपण घासून काढतो, म्हणून डोळ्यांवर भरवसा नको. बारीक कानस टोकावर फिरवून बघा. घसरली तर चांगलं, चावली तर ठेवून द्या.

पानसुपारी_नव्हे_पाना

"कानस चावली तर ठेवून द्या." आमच्याकडे हा नियम शेजाऱ्यांच्या कुत्र्याला लागू आहे.

मिरजेचा_डुगडुग्या

जुन्या पान्यांवर एक सावधगिरीची सूचना, कारण यात पोरं फसतात.

जुन्या बाजारात इंग्लंडचे पाने दिसतात, घडाई बघून जीव लागतो. पण त्यातले निम्मे व्हिटवर्थ मापाचे असतात. त्यावर पाव इंच लिहिलेलं असतं ते बोल्टच्या दांड्याचं माप, डोक्याचं नव्हे. पाव व्हिटवर्थच्या पान्याचं तोंड प्रत्यक्षात ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी. तेराच्या बोल्टवर तो बसतो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावला की कोपरे गोल करून मोकळा होतो. जुनी बुलेट असेल तरच ते पाने उचला. माझ्याकडे आहे म्हणून मी उचलतो आणि ते पाने मला प्राणांहून प्रिय आहेत.

तुमची बाईक जपानी घराण्यातली असेल तर आणखी एक. आठ मिमीच्या बोल्टला आपल्याकडे तेराचं डोकं गृहीत धरतात, जपानी गाड्यांत ते बाराचं असतं. दहाच्या बोल्टला चौदाचं. त्यामुळे आठ, दहा, बारा, चौदा, सतरा एवढे पाने चांगले घेतले की गाडी जवळपास उघडली. बारा नगांचा चकचकीत संच घेऊन त्यातले सात पेटीत पडून राहतात. त्याच पैशात हे पाच नग वरच्या दर्जाचे येतात.

स्क्रू ड्रायव्हर पण. कार्ब्युरेटरच्या, इंजिनाच्या केसिंगच्या स्क्रूवर फुलीशेजारी बारीक ठिपका दिसला तर तो जपानी जेआयएस मापाचा. साधा फिलिप्स (नेहमीचा फुलीचा ड्रायव्हर) त्याच्या तळापर्यंत जात नाही, वर तरंगतो आणि खाच खातो. व्हेसलचा एक दोन नंबरचा ड्रायव्हर घ्या. जपानी अवजाराला जास्तीचे पैसे द्यायचे तर इथे द्या, याचा उपयोग पहिल्याच स्क्रूला कळतो.

गच्चीतला_कारखाना

बाराच्या डोक्याचा उलगडा आज झाला! वाचनखूण साठवली. मिरजकर, इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीनं ठोकून फिरवायचा) लागेल का?

मिरजेचा_डुगडुग्या

केसिंग उघडणार असाल तरच. नाहीतर आधी तेल सोडा, रात्रभर थांबा, मग ड्रायव्हर बसवून मुठीवर हातोडीनं दोन ठोके. त्यासाठी दांडा मुठीच्या आरपार गेलेला ड्रायव्हर हवा. प्लॅस्टिकच्या मुठीवर ठोकू नका.

फेज_न्यूट्रल

आणि आरपार दांड्याचा ड्रायव्हर विजेच्या कामाला चुकूनही वापरू नका, हेही तिथेच लिहा ना राव. दांडा सरळ तळहातात उघडा पडतो.

मूळ प्रश्नात "दिवे" आहेत म्हणून सांगतो. पक्कडीवरचं रंगीत प्लॅस्टिक म्हणजे इन्सुलेशन नव्हे. ते पकडीसाठी असतं. विजेसाठी बनवलेल्या अवजारावर एकमेकांत गुंतलेल्या दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं ठसठशीत लिहिलेलं असतं. आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार असा प्रत्येक नग दहा हजार व्होल्टला तपासून बाहेर पडतो. ब्रँड कुठलाही असो, ही खूण बघा. आणि ती असली तरी मेन स्विच बंद करूनच हात घाला. जुन्या बाजारातली विजेची पक्कड कितीही देखणी असो, घेऊ नका. जुन्या आवरणाला आत कुठे भेग गेलीय ते बाहेरून कळत नाही.

वुपरव्हॅली

मी सध्या जर्मनीत, वुपरटालच्या जवळ राहते. क्निपेक्स, वेरा, श्टालविले तिन्ही याच शहरातले, आणि गेडोर शेजारच्या रेमशाइडची, १९१९ पासूनची. इथे सुताराच्या, प्लंबरच्या पेटीत ही अवजारं रोजची असतात, त्यांचं कुणाला अप्रूप नसतं.

दहापट पैशात काय मिळतं ते एका उदाहरणानं सांगते. क्निपेक्सची कोब्रा, म्हणजे पाण्याच्या पाइपची पक्कड. बटण दाबून जबडा सरकवायचा, सोडला की तिथेच अडकतो. दातांची ठेवण अशी की पाइपवर ठेवून मुठीवर नुसता वरून भार दिला, मूठ आवळली नाही, तरी तो घसरत नाही. साध्या पक्कडीत डाव्या हातानं जबडा धरून उजव्या हातानं जीव खाऊन आवळावं लागतं. बेसिनखाली उताणं पडून एका हातानं काम करायचं असेल तेव्हा हा फरक समजतो. पण वर्षातून दोनदा नळ बदलणाऱ्यानं एवढे पैसे घालावेत का? मी तरी नाही म्हणेन.

ब्रँडबद्दल आणखी एक. नाव तेच राहतं, मालक बदलतो. बाहको १९९९ पासून अमेरिकेच्या स्नॅप-ऑनकडे आहे. स्टॅनले आणि ब्लॅक अँड डेकर २०१० मध्ये एक झाल्या, फ्रान्सची फाकॉम त्याआधीच स्टॅनलेकडे गेली होती आणि २०१७ मध्ये अर्विनही आली. त्यामुळे "स्टॅनले चांगलं का" या प्रश्नाला एक उत्तर नाही. त्याच नावाखाली साधी पटाशीही आहे आणि स्वीटहार्ट मालिकेतलीही आहे, दोन्ही वेगवेगळ्या कुळीच्या. नग उलटवून कुठे बनला ते वाचा.

पिंपळगावचा_मळेकरी

तुम्ही पाना-पक्कडीत अडकलात, आमच्याकडं द्राक्षाच्या छाटणीला कात्री हेच मुख्य हत्यार. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोड छाटणी. मजूर दिवसभर कात्री चालवतो, संध्याकाळी अंगठ्याचं बूड सुजतं.

बाजारात दोनशेपासून मिळते. बागेत नावाजलेली कात्री म्हणजे फेल्को, स्वित्झर्लंडची, १९४५ पासूनची कंपनी, लाल मुठीची. ती महाग वाटते, पण तिचा प्रत्येक भाग सुटा मिळतो. पातं, स्प्रिंग, नट, मुठीचं आवरणसुद्धा. पातं झिजलं की पातं बदला, कात्री तीच. जपानची एआरएसही हलकी आणि धारेला खमकी. स्वस्त कात्रीचा रिव्हेट ढिला झाला की दोन पात्यांत फट पडते, काडी कापायच्या ऐवजी चिरडते, आणि चिरडलेल्या काडीतून रोग आत शिरतो. तेव्हा कात्रीत वाचवलेले पैसे फवारणीत जातात.

म्हणून माझा हिशेब एकच: सुटे भाग मिळतात का? मिळत असतील तर महाग घ्या.

सातपूर_शिफ्ट

@मळेकरी, दादा, लाख बोललात. दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही. पाइप पान्याचा जबडा, हॅकसॉच्या फ्रेमचा नट, रॅचेटची आतली किट, हे सुटं मिळतं की नाही यावर अवजाराचं आयुष्य ठरतं.

कातळावरचा

रत्नागिरीकडून. दोन गोष्टी.

एक, कानस. जेके फाइल्सचे कारखाने आमच्या रत्नागिरीत आणि चिपळूणला, त्यामुळे इथल्या कित्येक घरांतून कुणी ना कुणी कानशीच्या कामावर गेलेलं असतं. कानशीचे दात आधी पाडतात, पोलाद मऊ असताना, आणि पाणी नंतर देतात. म्हणून ती काचेसारखी कडक आणि तेवढीच ठिसूळ. लोक काय करतात, चार कानशी एकाच खणात टाकतात, त्या एकमेकींवर घासतात आणि दात जातात. मग म्हणतात माल पूर्वीसारखा राहिला नाही! कापडात वेगवेगळ्या गुंडाळा. ॲल्युमिनियम घासताना आधी कानशीवर खडू फिरवा, चुरा दातांत भरत नाही. पुढे ढकलताना दाब द्या, मागे आणताना उचला. जुनी कानस मात्र घेऊ नका. या धाग्यातली ही एकच गोष्ट अशी की जुनी म्हणजे संपलेली.

दोन, गंज. आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने भिंतीसुद्धा ओल्या. क्रोमचे पाने टिकतात, पण रंधा, पटाशी, गुण्या यांचं पोलाद उघडं. काम झालं की घामाचा हात पुसून मशीन ऑइलचं फडकं फिरवायचं, पेटीत कापराच्या वड्या. तुम्ही कितीही महागडं शेफील्ड आणा, जूनमध्ये एक आठवडा तसंच टाकलंत तर तांबूस झालंच म्हणून समजा.

अवांतर: कोयता कुठल्याच ब्रँडचा नको. लोहाराकडे ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद द्या, समोर बसून घडवून घ्या, तुमच्या हाताच्या वजनाचा. तसा कोयता कुठलीही कंपनी देत नाही.

शिसवी_मूठ

कोयत्याला +१. गावच्या लोहारानं पाट्यातून घडवलेलं रंध्याचं पातं मी वापरलंय. शिसवावर चालतं, आणि शिसवावर चालणं म्हणजे काय ते लाकूडकाम करणाऱ्यालाच ठाऊक.

मोजपट्टी_मृदुला

सगळे पोलादावर बोलताहेत, मुठीवर कुणीच नाही. माझा हात लहान आहे. इंटिरिअरची कामं करते, साइटवर स्वतः अवजारं हाताळते. आठ इंची पक्कड उघडली की माझी बोटं दुसऱ्या दांड्यापर्यंत जेमतेम पोचतात, तिथे जोर कुठून येणार? सहा इंची घेतल्यापासून काम दुप्पट वेगानं होतं. हातोडीही तशीच. दुकानदार सरसकट पाचशे ग्रॅमची काढून देतो, घरात खिळे ठोकायला दोनशे-तीनशे ग्रॅमची पुरते आणि नेमही चांगला बसतो. दुकानात अवजार हातात घेऊन, कामाच्या पवित्र्यात उभं राहून पाहा. लाजू नका.

मोजमापात मात्र काटकसर नको. क्रिस्टीलची स्टीलची पट्टी आणि एक चांगला गुण्या. नवा गुण्या दुकानातच तपासता येतो: सरळ कडेच्या फळीला लावून रेघ मारा, उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर काटकोन खरा, फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात.

फेज_न्यूट्रल

मृदुलाताई, ही उलटी रेघ आजच सुताराला दाखवली. त्याचा गुण्या खरा उतरला नाही, आता तो माझ्याशी बोलत नाही.

पानसुपारी_नव्हे_पाना

ॲडजस्टेबल पान्यावर कुणी बोलेल का? आमच्या घरी तोच पाना, तोच हातोडा.

सातपूर_शिफ्ट

तो हातोडा नव्हे, कृपा करून. त्याच्या सरकत्या जबड्याची खाच त्यानं मरते. आणि वापरताना जोर नेहमी पक्क्या जबड्यावर येईल अशा बाजूनं ओढा, सरकता जबडा ओढण्याच्या दिशेला ठेवा. बोल्टवर घट्ट चिकटवूनच ओढा. एवढं पाळलंत तर नळाच्या कामाला तो उत्तम. गाडीच्या बोल्टला नको.

मिरजेचा_डुगडुग्या

गाडीच्या रंगलेल्या, गोल झालेल्या बोल्टला कधी कधी तोच कामाला येतो, काका. इथे आपलं जमणार नाही.

सातपूर_शिफ्ट

तो बोल्ट गोल कशानं झाला, ते विचारा आधी.

गच्चीतला_कारखाना

मंडळी, धाग्याचं सोनं केलंत. शनिवारी खरेदी केली, यादी देतो, उणंदुणं काढा.

तापडिया: सहा इंची पक्कड (आठ आणि सहा दोन्ही धरून पाहिल्या, मृदुलाताई), ॲलन कीचा संच, दहा इंची ॲडजस्टेबल पाना. रिंग-फिक्स पाने सुटे: आठ, दहा, बारा, चौदा, सतरा. बोल्ट खिशातून नेले होते. चौदाचा पहिला नग डुगडुगला, दुसरा बसला, आणि दुकानदारानं हसत तिसराही पुढे केला. व्हेसलचा दोन नंबरचा ड्रायव्हर ऑनलाइन मागवला. विजेसाठी दोन त्रिकोणांचा वेगळा ड्रायव्हर. क्रिस्टीलची फूटपट्टी, जेकेची एक चपटी आणि एक अर्धगोल कानस, वेगवेगळ्या कापडांत. कोब्रा पुढच्या वर्षी.

आणि रंधा. नवा घेतला नाही. बुधवारी पुन्हा जुन्या बाजारात गेलो, तो रेकॉर्ड अजून होता. तोंडाशी तडा नाही, झाळ नाही, स्क्रू सगळे आहेत. पात्याला खाचेपुढे साधारण इंचभर जीव आहे. कानस घसरली. घासाघीस करून आठशेला पडला. पाठीवर पेन्सिलीच्या रेघा मारून काचेवर घासला तर पुढची रेघ गेली, पण तोंडाच्या लगेच मागे डाव्या कोपऱ्यात अजून रेघ दिसतेय. थांबू की घासू?

शिसवी_मूठ

तोंडाच्या पुढची पूर्ण गेली असेल तर थांबा. आता चिपब्रेकर घ्या हातात. आणि फोटो टाका!

कातळावरचा

फोटो नंतर. घासून झाल्यावर पाठीला तेल लावलंत का?